सर्वांगाची वेदना आणि मनगटाची वाट

बालाघाट जिल्ह्यातील किरनापूरचा परिसर धानाचा. रोवणीच्या दिवसांत चिखलात वाकून बाईचे सारे अंग ठणकते. ज्या बाईचे अंग बारमाही दुखते, तिच्या हाताच्या मुंग्याही त्याच दुखण्यात जमा होतात. चूक होते ती येथेच.

श्रोतेहो, मनगटाची हाडे व त्यांवरील आडवा बंध यांमधून एक मज्जातंतू पंजात उतरतो. ही वाट आधीच अरुंद. तेथे तो दाबला गेला म्हणजे अंगठा, तर्जनी व मध्यमा बधिर होतात. करंगळी सहसा शाबूत राहते. रात्री झोप मोडते. हात झटकला की बरे वाटते. यालाच कार्पल टनेल म्हणतात.

फायब्रोमायल्जिया या सर्वांगवेदनेच्या विकारात मज्जासंस्थाच वेदना वाढवून दाखविते. अशा रोग्यांत मनगटाचा हा दाब इतरांहून अधिक आढळतो. थायरॉइडची उणीव असल्यास अंगदुखी व मुंग्या दोन्ही संभवतात; म्हणून रक्तही तपासावे.

मनगटाच्या उपचाराने सर्वांगवेदना जाईलच असे नाही. पण हात वाचतो. रात्री मनगट सरळ ठेवणारी पट्टी प्रारंभी पुष्कळदा उपयोगी पडते. दुर्लक्ष झाल्यास अंगठ्याच्या बुडाचे मांस झडते, आणि मग रोपाची जुडीही हातात ठरत नाही. म्हणून अंग दुखते म्हणणारीला एवढे अवश्य विचारावे : बधिर होतात ती बोटे कोणती?