पहिली चढण संपल्यावर
(वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



माझ्यासारख्या सातवी शिकलेल्या बाईने वर्धापनदिनी बोलावे असे चालक भगिनींनी ठरविले, तेव्हा मी आधी 'नको' म्हटले. उपवासाच्या पदार्थांवर बोलणे मला सोपे गेले असते. पण विषय दिला तो वजने उचलण्याच्या व्यायामाचा; आणि तोही नवशिक्या बायकांसाठी नव्हे, तर ज्यांना शिकून वर्ष होत आले आणि आता ज्यांची गाडी अडली आहे त्यांच्यासाठी. आपल्या खालच्या सभागृहात आम्ही अकरा जणी एकाच महिन्यात दांडा धरायला शिकलो. आज चौघी उरलो आहोत. गेलेल्या सात जणींपैकी एकीलाही दुखापत झालेली नाही. त्या खट्टू झाल्या, 'आमच्याने यापुढे होणे नाही' म्हणाल्या, आणि यायच्या थांबल्या. मीही त्यांच्यात जमा झालेच होते. म्हणून चार शब्द बोलण्याचे धाडस करते.

मी हा व्यायाम हौसेने धरला नाही. सासूबाईंची उजवी बाजू पक्षाघाताने गेली. त्यांना खाटेवरून उठवून खुर्चीत बसविणे, पुन्हा खाटेवर घेणे, हे दिवसातून पाच-सहा वेळा. माझी कंबर धरू लागली. डॉक्टरांनी तपासून सांगितले की कमरेला नुसती विश्रांती देऊन भागणार नाही, तिच्यात बळ आणावे लागेल. (ज्यांना रक्तदाबाचा त्रास आहे त्यांनी दांड्याला हात लावण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांना विचारावे, हे येथेच सांगून टाकते. जड वजन उचलताना आपण श्वास रोखतो, आणि त्या क्षणी दाब बराच वर जातो.)

सुरुवातीचा क्रम तुम्हांपैकी पुष्कळ जणींना ठाऊक आहे. आठवड्यातून तीन दिवस. दांडा खांद्यांवर घेऊन बैठका, बाकावर पडून किंवा उभ्याने डोक्यावर वजन लोटणे, आणि जमिनीवरून दांडा उचलणे, ज्याला डेडलिफ्ट म्हणतात. पाच-पाच वेळांचे तीन सेट. प्रत्येक खेपेला अडीच किलो वाढवायचे. रिकामा दांडाच पंधरा किलोचा. तेथून मी निघाले. काय सांगू, ते दिवस फार सुखाचे होते! सोमवारी जे जड वाटे ते शुक्रवारी हलके. मला वाटू लागले, असेच चालले तर दिवाळीपर्यंत मी कपाट उचलीन.

बैठकीत साडेसत्तेचाळीस किलोंवर मी अडले. तीन खेपा तेच वजन, आणि तिन्ही वेळा चौथ्या बैठकीला गुडघे नाही म्हणाले.

माझी पुतणी आमच्या सर्वांची वही लिहिते. तिने वही उलटी चाळली आणि विचारले, "काकू, हा कोणता महिना?" श्रावण होता. सोमवार, शनिवार, एकादशी. साबुदाणा आणि चहा. वर रात्री दोनदा सासूबाईंसाठी उठणे. ती म्हणाली, "ही अडचण दांड्याची नाही, ताटाची आहे." वजन शेकडा दहाने खाली आणले, उपवासाच्या दिवशी दूध, दही, शेंगदाणे वाढविले, आणि सहा आठवड्यांत साडेसत्तेचाळीस पार झाले. तेव्हा भगिनींनो, अडल्याबरोबर नवा क्रम शोधायला धावू नका. झोप आणि जेवण आधी तपासा.

दुसरी तपासणी बारीक प्लेटांची. बाजारात सर्रास मिळणारी सर्वांत लहान प्लेट सव्वा किलोची. दोन्ही बाजूंना एकेक घातली की अडीच किलो झाले. साठ किलोंच्या बैठकीत अडीच म्हणजे चोविसावा हिस्सा; पण डोक्यावर लोटायचे वजन वीस किलो असेल तर तोच अडीच आठवा हिस्सा होतो! आमटीत एकदम मूठभर मीठ टाकण्यासारखे आहे हे. पुरुषांचे वजन मुळात जास्त, त्यांना हे जाणवत नाही. आणि क्रम लिहिणारे बहुतेक पुरुषच. अर्ध्या-अर्ध्या किलोच्या प्लेटा आणल्या आणि आमच्यातल्या दोघी पुढे तीन महिने जुन्याच क्रमावर चालल्या.

मी मात्र पन्नासला गेले, पुन्हा अडले, पुन्हा खाली आले, चढले आणि तेथेच अडले. या खेपेला जेवण नीट होते, झोपही बरी होती. त्या दिवशी मी घरी जाऊन रडले. वजनासाठी नव्हे हो. मनात आले, चाळिशी उलटली, एवढेच बळ आपल्या नशिबी, आणि सासूबाई तर दिवसेंदिवस अधिकच जड होत चालल्या आहेत.

पुतणीने तेव्हा जे समजावून दिले ते मला आधी कोणी सांगितले असते तर बरे झाले असते. मार्क रिप्पटो आणि लॉन किलगोर या अमेरिकन लेखकांनी २००६ साली एक पुस्तक काढले. त्यात नवशिका कोण आणि पुढचा कोण हे वजनावरून ठरविलेले नाही. सोमवारच्या श्रमातून बुधवारपर्यंत सावरून जो अधिक बळकट होतो तो नवशिका. बळ वाढले की श्रमही मोठे करावे लागतात आणि सावरायला आठवडा लागतो. तो मधल्या इयत्तेतला. म्हणजे मी नापास झाले नव्हते, इयत्ता बदलली होती. दर खेपेची वाढ आता दर आठवड्याची किंवा दर महिन्याची करायची, एवढाच फरक.

मग कोणता क्रम घ्यावा? येथे मी चूक केली ती सांगते. एका व्यायामशाळेतल्या तरुण शिक्षकाने 'टेक्सस मेथड' घ्या म्हणून सांगितले. सोमवारी पाच-पाचचे पाच सेट, शुक्रवारच्या वजनाच्या सुमारे शेकडा नव्वद, बुधवारी हलके, शुक्रवारी पाचाचा एकच सेट, पण नव्या वजनाचा. क्रम खोटा नाही. पहिले तीन आठवडे माझे वजन वाढलेही. पण तो सोमवार! दीड तास जाई, आणि मंगळवारी पाय असे लटपटत की सासूबाईंना उठविताना एकदा आम्ही दोघी खाटेवर परत बसलो. ज्या कामासाठी बळ मिळवायचे तेच काम त्या बळापायी अडले. पाचव्या आठवड्यात मी तो क्रम सोडला. ज्यांना मंगळवारी आराम आहे त्यांनी खुशाल करावा.

दुसरा बिल स्टार यांच्या मांडणीवरून आलेला. त्यांचे पुस्तक १९७६ सालचे, फुटबॉल खेळाडूंसाठी लिहिलेले. त्यात वजन सेटागणिक चढवीत शेवटच्या सेटला नेतात, मधला दिवस हलका ठेवतात. आमच्यातली एक भगिनी त्याच्याच एका नव्या रूपावर सुखाने चालली आहे. तिला आठवड्याला काही तरी वाढलेले दिसले नाही तर चैन पडत नाही.

मी घेतला तो जिम वेंडलर यांचा, २००९ सालचा, महिन्याच्या चालीचा. त्यात आपले एका वेळचे जास्तीत जास्त वजन काढायचे आणि त्याच्याही शेकडा नव्वदच हिशेबाला धरायचे. माझे पंचावन्न, म्हणून हिशेबाला पन्नास धरले. पहिल्या आठवड्यात शेकडा ६५, ७५, ८५. म्हणजे साडेबत्तीस, साडेसदतीस, साडेबेचाळीस किलो, पाच-पाच वेळा. दुसऱ्यात ७०, ८०, ९०, तीन-तीन वेळा. तिसऱ्यात ७५, ८५, ९५. पाच, तीन आणि एक वेळ. चौथा आठवडा हलका, ४०, ५०, ६०. नंतर हिशेबाचे वजन किंचित वाढवून पुन्हा पहिल्यापासून. पुस्तकात बैठकीला दहा पौंडांची, म्हणजे साडेचार किलोंची वाढ आहे. मी अडीचच घेते. तो चार दिवसांचा असला तरी मी तीनच दिवस येते. राहिलेला व्यायाम पुढच्या सोमवारी. आरोग्य संघटनेने २०२० साली प्रौढांना स्नायूंच्या व्यायामासाठी आठवड्यातून किमान दोन दिवसच सांगितले आहेत. तेव्हा तीन काही कमी नाहीत.

ऐकायला सोपे आहे, पण पहिला दिवस जिवावर आला. पन्नास उचलू पाहणारी मी दांड्यावर साडेबत्तीस लावले. एका नव्या मुलीने सहज विचारले, "काकू, बरं नाही का?" मान खाली घालून बैठका मारल्या.

या क्रमातली मला आवडलेली गोष्ट निराळीच आहे. पहिल्या तीन आठवड्यांत शेवटच्या सेटला नेमलेल्या आकड्यावर थांबायचे नसते. पाठ सरळ राहील तोवर जितके होतील तितके करायचे, आणि एक-दोन होतील एवढे बळ शिल्लक ठेवून दांडा खाली. पहिल्या महिन्यात साडेबेचाळीस किलो मी सहा वेळा केले. त्यानंतरच्या तिसऱ्या महिन्यात पहिल्या आठवड्याचे वजन साडेसेहेचाळीसच्या घरात गेले, आणि ते आठ वेळा झाले. वजन कूर्मगतीने वाढते, पण वही बोलते. वाईट दिवशी नेमलेले पाच केले तरी त्या दिवसाचे काम पुरे होते. रात्री जागरण झालेल्या बाईला हा मोठा दिलासा आहे.

गेल्या महिन्यात मी पन्नास किलो पाच वेळा केले, न अडता. घरी सासूबाईंना खाटेवरून उठविताना आता मी "एक, दोन" म्हणत नाही. त्या हसतात आणि आपणच म्हणतात.

ज्या सात भगिनी थांबल्या त्यांच्या वह्या पुतणीने जपून ठेवल्या आहेत. सोमवारी साडेचारला आम्ही खाली असतो. शेवटच्या पानावर कोणते वजन अडले आहे ते पाहू, आणि ताट, झोप, प्लेटा, मग क्रम, या ओळीने ठरवू. आणि एक विनंती. अर्ध्या किलोच्या दोन प्लेटा परवा मला गच्चीवर पापडांच्या कापडाच्या कोपऱ्यावर ठेवलेल्या सापडल्या. दुसरी जोडी अजून मिळालेली नाही. ज्या भगिनीकडे असेल तिने पापड वाळले की कृपया सोमवारपर्यंत परत आणून द्यावी.