घरांतील इंटरनेट आणि पाळीचा न्याय

घरांतील इंटरनेटवर चित्र अडखळूं लागलें कीं बहुतेक कुटुंबांत एकच उपाय योजिला जातो. तो म्हणजे अधिक वेगाची जोडणी घेणें. हा उपाय सर्वस्वी निरर्थक आहे असें मी म्हणत नाहीं. परंतु पुष्कळदां तो आग रामेश्वरीं आणि बंब सोमेश्वरीं अशांतला ठरतो.

बँडविड्थ म्हणजे एका सेकंदांत किती माहिती वाहूं शकते याचें माप होय. तें मेगाबिटांत सांगतात. १०८० रेषांच्या स्पष्ट चित्रासाठीं सेकंदास ५ मेगाबिट व ४के चित्रासाठीं १५ मेगाबिट वेग असावा, असें नेटफ्लिक्स कंपनी आपल्या ग्राहकांस सांगते. मग ५० मेगाबिटांच्या जोडणीवरहि चित्र कां थबकावें?

याचें उत्तर मिळण्यास चित्रपट व संभाषण यांतील भेद ध्यानांत घेतला पाहिजे. चित्रपट कांहीं सेकंदांच्या तुकड्यांनीं येतो. प्रत्येक तुकडा उंची व हलक्या अशा अनेक प्रतींत तयार असतो. मागील तुकडा किती वेळांत आला हें पाहून आपलें यंत्र पुढील तुकड्याची प्रत ठरवितें, आणि रांजण भरून ठेवावा तसे पुढचे कांहीं तुकडे आधींच भरून ठेवतें. त्यामुळें पुरवठा क्षणभर आटला तरी चित्र चालूं राहतें. संभाषणाचें तसें नाहीं. पडद्यावर डॉक्टरांशीं बोलणाऱ्या रोग्याचें पुढचें वाक्य आधीं भरून ठेवितां येत नाहीं. संभाषणांत एका दिशेचा विलंब १५० मिलिसेकंदांच्या आंत असावा, अशी आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची शिफारस आहे.

आतां अशा वेळीं घरांतील कोणी लग्नाचीं छायाचित्रें पाठवूं लागला तर काय होतें पाहा. राउटर व मोडेम यांत, बाहेर पडण्याची वाट पाहणाऱ्या माहितीसाठीं सांठवण असते. बाहेर जाण्याचा वेग सेकंदास १ मेगाबिट असेल आणि रांगेंत २५० किलोबाइट माहिती सांचली असेल, तर मागून आलेल्या शब्दास पूर्ण २ सेकंद तिष्ठावें लागतें. चित्रपटासहि याची झळ लागते. कारण आलेल्या माहितीची पोंच उलट दिशेनें जावी लागते, आणि ती अडली कीं येणारा प्रवाहहि मंदावतो.

अमेरिकन अभियंते जिम गेटिस यांनीं २०१० मध्यें स्वतःच्या घरीं हा दोष हेरला. त्यास 'बफरब्लोट' हें नांव रूढ झालें. २०१२ मध्यें कॅथलीन निकोल्स व व्हॅन जेकबसन यांनीं 'कोडेल' ही रीत प्रसिद्ध केली. रांगेची लांबी न पाहतां प्रत्येक पुडकें तींत किती वेळ तिष्ठलें हें पाहावें, आणि विलंब टिकून राहिला तर एखादें पुडकें टाकून देऊन पाठविणाऱ्यास सावकाशीची सूचना द्यावी, हें तिचें मर्म. तिला प्रत्येक प्रवाहाच्या पाळीची जोड मिळून 'एफक्यू-कोडेल' ही रीत झाली. २०१८ मध्यें ती आरएफसी ८२९० या लेखांत नोंदली गेली.

खानदेशांत पांझरेच्या कांठीं फडपद्धतींत पाटकरी पाळीनें पाणी सोडतो. राउटरला असाच पाटकरी करावयाचा आहे. त्यांत 'स्मार्ट क्यू' नांवाची सोय असल्यास ती चालूं करावी, आणि मोजलेल्या वेगाच्या सुमारें नऊ-दशांश मर्यादा घालावी. म्हणजे रांग कंपनीच्या यंत्रांत न लागतां आपल्या हुकमतींतील यंत्रांत लागते. दूरचित्रवाणी-संच शक्य तर तारेनें जोडावा. मोठीं पाठवणीं रात्रीं करावीं.

मार्च २०२० मध्यें सारें जग घरीं बसलें, तेव्हां भारतांतील व्हिडिओ-कंपन्यांनीं १४ एप्रिलपर्यंत मोबाईल-जाळ्यावर ४८० रेषांहून अधिक स्पष्ट चित्र न देण्याचें मान्य केलें. करमणुकीनें थोडें आवरतें घेतलें, तर निकडीच्या कामास वाट मिळते, हाच त्यामागील विचार. तोच घरासहि लागू आहे.

तेव्हां अधिक वेगासाठीं पैसे भरण्यापूर्वीं श्रोत्यांनीं एक प्रयोग अवश्य करावा. घरांतील एकानें मोठा सांठा पाठवीत असतां दुसऱ्यानें पडद्यावर कोणाशीं बोलून पाहावें. एरवीं नीट चालणारें बोलणें त्याच वेळीं तुटूं लागलें, तर उणीव बहुधा रुंदीची नसून पाळीची आहे असें समजावें, आणि आधीं ती दूर करावी.