छावणीचे नगर

मंगला गौरीच्या या गल्ल्यांत स्थिरावलेली मराठी घराणी विद्येसाठी, तीर्थवासासाठी आली. परतीची वाट त्यांना मोकळी होती. फाळणीनंतर कल्याणजवळच्या लष्करी छावणीत उतरलेल्या सिंधी निर्वासितांना ती नव्हती. पंजाब व बंगाल विभागले गेले. सिंध मात्र सगळाच पलीकडे राहिला.

दुसऱ्या महायुद्धात सैनिकांसाठी उभारलेल्या त्या लांबलचक बराकी. एकेकीत अनेक कुटुंबे, मध्ये गोणपाटाचा पडदा, तीच भिंत. पापड लाटून, फेरी करून माणसांनी संसार पुन्हा मांडले. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते कोनशिला बसली आणि उल्हास नदीवरून छावणीचे उल्हासनगर झाले. पत्ता मात्र अजून 'कॅम्प नंबर चार' असाच सांगतात. सवयीपुढे कोनशिलेचे काय चालणार!

घर मिळाले, भाषेला प्रदेश मिळाला नाही. राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत सिंधीला स्थान मिळण्यास १९६७ साल उजाडले. आजोबांची पत्रे अरबी वळणाच्या सिंधी लिपीत आहेत. ती वाचू शकणारे नातवंड आज तेथे विरळाच.