कृतज्ञता कशाबद्दल?



मागच्या सभेत एका तरुणाने आम्हांला विचारले, "खैरलांजी घडले, युद्धे थांबत नाहीत, मग कृतज्ञता कशाबद्दल मानायची?" २००६ सालच्या त्या बातमीने आमचीही झोप उडाली होती. त्याला गप्प बसविणे आम्हांला जमले नाही.

पालीतला 'कतञ्ञू' म्हणजे आपल्यासाठी कोणी काय केले हे जाणणारा. जग ठीक चालले आहे असे मानणारा नव्हे! संबोधीनंतर तथागतांनी सप्ताहभर बोधिवृक्षाकडे कृतज्ञतेने पाहिले, असे परंपरा सांगते. दुःख तर त्यांना पुरते ठाऊक होते.

आपल्या सातिवलीहून सोपारा दूर नाही. तिकडे भुईगावला १९५६ साली, म्हणजे बाबासाहेबांनी नागपूरला दीक्षा दिली त्याच वर्षी, अशोकाच्या नवव्या शिलालेखाचा तुकडा सापडला. लग्नात, आजारपणात करतात त्या विधींचे फळ थोडे. दास-नोकरांशी नीट वागणे हाच खरा मंगलविधी, हा त्या लेखाचा आशय. इथल्या गाळ्यांत राबणाऱ्या आपल्या मुलांना तो आजही लागू पडावा! अक्षरे कोरणाऱ्या पाथरवटाचे नाव कोणालाच ठाऊक नाही. त्याच्याही काळी कलिंगात लाखभर माणसे मारली गेली होती. तरी त्याने छिन्नी खाली ठेवली नाही.

त्या तरुणाला घेऊन आम्ही सोपाऱ्याचा स्तूप पाहायला निघणार आहोत. रविवारी सकाळी सात वाजता, विहारापासून. येणाऱ्यांनी डबा आणावा.