टॉमीचे कार्ड, मनीचे कार्ड

(गतवर्षीच्या गणेशोत्सवात मंडपात झालेले भाषण)



कार्यवाहांनी प्राण्यांच्या लसीकरणावर बोलायला सांगितले. मी डॉक्टर नाही, वर्कशॉपमधला डिप्लोमावाला आहे. पण घरी दोन कुत्री आणि एक मांजर असल्याने सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्याची वाट पायाखालची झाली आहे.

रेबीजचा विषाणू चाव्यातून शरीरात शिरला की मज्जातंतूंच्या मार्गाने मेंदूकडे निघतो. आपल्या भाषेत, ही मालगाडी आहे, मेल नव्हे. तिला बहुधा दोन-तीन महिने लागतात. पण चावा तोंडावर किंवा मानेवर असेल तर अंतर थोडे, आणि लहान मुलांचे तोंड कुत्र्याच्या तोंडाच्याच उंचीवर असते! गाडी मेंदूत पोचण्याआधी लस घेतली तर माणूस वाचतो. लक्षणे दिसू लागल्यावर मात्र जवळजवळ कोणीच वाचत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे ५९ हजार माणसे रेबीजने दगावतात आणि त्यातली एक तृतीयांशाहून जास्त भारतात.

आता आपल्याकडची ठरलेली वाक्ये. "आमचा टॉमी घरातच असतो." क्वार्टरचे मागचे दार दिवसातून किती वेळा उघडे राहते, ते वहिनींना विचारा. दुसरे वाक्य, "मांजराला कुठे रेबीज होतो?" होतो. मनी रात्रभर कौलांवर भांडून येते आणि सकाळी मुलांच्या पांघरुणात शिरते. तरी दवाखान्यात कुत्री दहा दिसली तर मांजर एखादेच.

पिल्लाला सहा ते आठ आठवड्यांपासून पार्वो, डिस्टेंपरची लस सुरू होते आणि दर तीन-चार आठवड्यांनी साधारण सोळा आठवड्यांचे होईपर्यंत पुन्हा द्यावी लागते. "एकदा दिली, मग परत कशाला?" असे लोक विचारतात. आईच्या दुधातून आलेली प्रतिकारशक्ती सुरुवातीला लसीलाच निष्प्रभ करते. ती नेमकी कधी ओसरेल ते प्रत्येक पिल्लाचे वेगळे, म्हणून हे डोस. रेबीजची लस तिसऱ्या महिन्यात, नंतर डॉक्टर सांगतील तसा बूस्टर आणि पुढे दरवर्षी. मांजरासाठी तिच्या रोगांची वेगळी लस मिळते, रेबीजची तर हवीच. लस २ ते ८ अंश तापमानात ठेवावी लागते. खिशात घालून उन्हातून आणलेली किंवा फ्रीजरमध्ये गोठलेली लस टोचून उपयोग नाही. जनावरालाच दवाखान्यात न्या.

माझा खरा मुद्दा पुढेच आहे. बदलीची ऑर्डर येते, सामान ट्रकमध्ये चढते आणि कुत्रा फाटकाशी उभा राहतो. शेजारी भाकरी घालतात, पण त्याची लस कोणाच्या लक्षात राहणार? गेल्या उन्हाळ्यात आपल्याच कॉलनीत लाल पट्ट्याचा असाच एक कुत्रा एका मुलाच्या पोटरीला चावला. पट्टा होता, कार्ड कोणाकडेच नव्हते. मुलाच्या आईने जखम नळाखाली साबणाने पंधरा मिनिटे धुतली. हळद नाही, चुना नाही. तडक इस्पितळ गाठले. ०, ३, ७ आणि २८ व्या दिवशी इंजेक्शने झाली, जखमेत वेगळे सीरमही टोचले. कुत्रा दहा दिवसांनंतरही धडधाकट होता, म्हणजे त्या चाव्यातून रेबीजचा धोका नव्हता. पण ते दहा दिवस त्या घरात कोणाला धड झोप लागली नाही. उपचार मात्र तसे दहा दिवस थांबून करायचे नसतात, चाव्याच्या दिवशीच सुरू करायचे.

म्हणून माझी विनंती अशी. कुत्रा बरोबर नेता येतो. फर्स्ट एसीत पूर्ण कूपे घेतला तर आपल्यासोबत, नाहीतर ब्रेकव्हॅनच्या डॉग बॉक्समध्ये. पशुवैद्याचे प्रमाणपत्र जवळ ठेवा. तेही जमत नसेल तर ज्याच्या हाती साखळी द्याल त्याच्याच हाती लसीचे कार्डही द्या. आपण नाही का चार्ज देताना चाव्या आणि रजिस्टर मोजून देत?

प्रसादाच्या टेबलाशेजारी एक वही ठेवली आहे. जनावराचे नाव, क्वार्टर नंबर आणि पुढच्या लसीची तारीख लिहायची. तारीख जवळ आली की मी स्वतः दारावर येऊन सांगेन. मांजरांसाठी वेगळे पान आखले आहे. त्यावर सध्या फक्त आमची मनी आहे.