मुलांचा खेळ आणि मोठ्यांची हजेरी

तामिळनाडूतील कुंभकोणम्‌हून निघून दारासुरम् मागे टाकले, की थोड्याच अंतरावर पट्टीश्वरम् हे गाव लागते. चोळांची जुनी राजधानी पळैयारै ह्याच परिसरातली. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून एकोणिसाव्याच्या मध्यापर्यंत तंजावरच्या भोसल्यांचे राज्य ह्या कावेरीकाठावर नांदले. तेव्हा मराठी माणसाला हा मुलूख अगदीच परका नाही. गावातील धेनुपुरीश्वराच्या देवळात नंदी गाभाऱ्यासमोर सरळ रेषेत बसलेला नाही, किंचित बाजूला सरकलेला आहे. त्याची कथा अशी सांगतात, की सातव्या शतकातील बालसंत ज्ञानसंबंधर भर उन्हात चालत दर्शनाला येत होता. त्याच्या डोक्यावर धरण्यासाठी शंकराने आपल्या गणांच्या हाती मोत्यांचे छत्र पाठविले आणि ते येणारे मूल नीट दिसावे म्हणून नंदीला बाजूला व्हायला सांगितले. आजही तामिळ आनी महिन्यात, म्हणजे आपल्या ज्येष्ठ-आषाढाच्या सुमारास, तेथे ह्या मोत्यांच्या मांडवाचा उत्सव होतो.

कथेत मुलाचे नाव राहिले, नंदीची जागाही राहिली. छत्र धरणाऱ्या गणांची नावे मात्र कोणी टिपून ठेवली नाहीत. मुलांच्या मैदानी खेळांचा विचार करू लागले म्हणजे नेमके हेच घडते. किती मुले खेळतात, कोणी पदक मिळविले, कोणता संघ जिंकला ह्याची चर्चा होते. ती मुले रोज संध्याकाळी ज्यांच्या भरवशावर मैदानावर येतात, ती माणसे किती वर्षे टिकतात, का निघून जातात, आणि गेल्यावर त्यांच्या जागी कोण उभा राहतो, हे कोणी फारसे विचारीत नाही. वस्तुतः पहिल्या प्रश्नाचे उत्तर पुष्कळ अंशी दुसऱ्यातच दडलेले असते.

सॉफ्टबॉल ह्या खेळाचे उदाहरण घेतले तर हे चटकन ध्यानात येईल. हा खेळ जन्मला तोच हौशी मंडळींच्या करमणुकीतून. नोव्हेंबर १८८७ मध्ये शिकागोच्या फॅरागट बोट क्लबात काही तरुण हार्वर्ड आणि येल ह्यांच्या फुटबॉल सामन्याच्या निकालाची वाट पाहत बसले होते. निकाल कळताच एकाने आनंदाच्या भरात मुष्टियुद्धाचा हातमोजा दुसऱ्यावर फेकला, त्याने तो हातातील काठीने टोलविला. आणि जॉर्ज हॅन्कॉक नावाच्या तरुणाने त्यातून चार भिंतींच्या आत खेळायचा बेसबॉल उभा केला. पुढे तो भिंतींबाहेर आला. त्याला सॉफ्टबॉल हे नाव १९२६ मध्ये सुचविले गेले. चेंडू मोठा, फेक खांद्याखालून, दोन तळांमधील अंतर बेसबॉलच्या नव्वद फुटांऐवजी साठ फूट. म्हणजे थोड्या जागेत आणि लहान वयातही खेळता येईल अशी सगळी सोय. भारतात सॉफ्टबॉलची राष्ट्रीय संघटना १९६१ मध्ये जोधपूरला स्थापन झाली. महाराष्ट्रातील शाळांनी हा खेळ उचलला, आणि राज्याचे संघ राष्ट्रीय स्पर्धांत वरच्या फळीत खेळत आले आहेत. चौदा, सतरा आणि एकोणीस वर्षांखालील अशा तीन गटांत शालेय स्पर्धा होतात.

ह्या तीन गटांकडे जरा बारकाईने पाहावे. चौदा वर्षांखालील गटासाठी मुले गोळा करायला कष्ट पडत नाहीत. सतरापर्यंत संघ कसाबसा जमतो. त्यानंतर मात्र मैदानावर उरतात ती बहुधा निवडीची आशा असणारी मुले. केवळ गंमत म्हणून खेळणारा मुलगा तोवर घरी बसलेला असतो. मध्ये दहावीची परीक्षा आलेली असते. अमेरिकेत २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत असे दिसले, की तेथील सर्वसाधारण मूल एखादा खेळ तीन वर्षेही खेळत नाही आणि अकराव्या वर्षाच्या सुमारास तो सोडून देते. तेथे दहावीची परीक्षा नाही, तरीही हे घडते. म्हणजे सगळा दोष पाठ्यपुस्तकांच्या माथी मारून मोकळे होता येणार नाही.

कावेरीच्या खोऱ्यातील कोणतेही खेडे पाहिले तरी खेळाचा काळ शेतीने आखून दिलेला दिसतो. सांबा भाताची कापणी जानेवारी-फेब्रुवारीत होते. पोंगलच्या सुमारास गावोगावी कबड्डीचे सामने रंगतात, आणि मोकळी झालेली शेते हीच मुलांची मैदाने होतात. मेट्टूर धरणाचे पाणी रिवाजाप्रमाणे बारा जूनला सुटते आणि पुन्हा पेरणीची घाई सुरू होते. दुर्दैव असे, की जमीन मोकळी होते तेव्हाच परीक्षेचे महिने दारात उभे असतात. महाराष्ट्रातही रब्बीची सुगी उरकते आणि वार्षिक परीक्षा सुरू होतात, त्या जवळपास एकाच वेळी. मे महिन्यात शेत आणि मूल दोन्ही रिकामी असतात, पण तेव्हा शाळेतले शिक्षक गावी गेलेले असतात. अशा वेळी मुलांना हाक मारणारा एखादा मोठा माणूस गावात असला तर खेळ होतो. नसला तर होत नाही. हिशेब इतका साधा आहे.

हा मोठा माणूस कोण असतो? अमेरिकेत तो बहुधा त्या मुलाचा बापच असतो. पेनसिल्व्हेनियातील विल्यमस्पोर्ट ह्या गावी कार्ल स्टॉट्झ नावाच्या एका सामान्य नोकरदाराने आपल्या दोन भाच्यांना खेळता यावे म्हणून १९३९ मध्ये तीन संघांची एक छोटी स्पर्धा सुरू केली. तिचीच पुढे जगभर पसरलेली लिटल लीग झाली. मुलींना तिचे दार १९७४ मध्ये उघडले, तेही न्यायालयात दाद मागितल्यावर. आणि त्याच वर्षी मुलींसाठी सॉफ्टबॉलची स्वतंत्र व्यवस्था झाली. ह्या सगळ्या पसाऱ्याचा गाडा विनावेतन पालकच ओढीत आले आहेत. मुलगी संघात आली की आई नोंदवही सांभाळते, बाप चेंडू फेकायला शिकवतो. तीन वर्षांनी मुलगी खेळ सोडते आणि तिच्यामागून आईबापही जातात. जेमतेम काम शिकलेला माणूस जातो व त्याच्या जागी पहिल्यापासून शिकणारा येतो. शिवाय चांगले खेळणाऱ्या मुलांसाठी गावोगाव हिंडणारे, भारी शुल्क घेणारे संघ निघाले. त्यांनी नुसती मुले नेली नाहीत, त्या मुलांचे उत्साही पालकही नेले. मागे राहिलेल्या साध्या स्पर्धेत मुले कमी आणि त्यांना शिकविणारे त्याहून कमी, असे झाले. खुद्द स्टॉट्झसुद्धा आपल्याच संस्थेत टिकला नाही. संस्थेत धंद्याचे वळण येत आहे असे त्याला वाटू लागले, प्रकरण न्यायालयापर्यंत गेले, आणि १९५६ पर्यंत तो तिच्यातून बाहेर पडला होता.

आपल्याकडील परंपरा निराळी आहे. तालमीत वस्ताद असतो तो कोणाचा बाप म्हणून नव्हे. त्याच तालमीत घाम गाळलेला म्हणून. अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ मध्ये वैद्य बंधूंनी काढले, आणि १९३६ मध्ये त्याच्या पथकाने बर्लिनला ऑलिंपिकच्या वेळी भारतीय खेळांची प्रात्यक्षिके करून दाखविली. पुण्याचे महाराष्ट्रीय मंडळ कॅप्टन शिवरामपंत दामल्यांनी १९२४ मध्ये स्थापिले. मुंबईत दादरला समर्थ व्यायाम मंदिर १९२५ मध्ये सुरू झाले. तेथे मल्लखांब शिकविणारे उदय देशपांडे ह्यांनी सरकारी नोकरी सांभाळून पिढ्यान्‌पिढ्या मुले तयार केली. २०२४ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. ह्या संस्थांत एक गोष्ट समान दिसते. काल जो शिकत होता तो आज धाकट्यांना धरतो. दहा वर्षांच्या मुलाला मल्लखांबावर चढविताना खाली उभा असलेला पोरगा पंधरा-सोळा वर्षांचा असतो. त्याला कोणी स्वयंसेवक म्हणून नेमलेले नसते, आणि आपण सेवा करीत आहोत हे त्याच्या गावीही नसते. अशा ठिकाणी माणसे जातच नाहीत असे नव्हे. नोकरीसाठी जातात, लग्न होऊन जातात. परंतु जाणाऱ्याच्या मागे त्याच्याच हाताखालचा कोणी तरी उभा असतो.

मग मद्रासला १९२० मध्ये वाय. एम. सी. ए.चे शारीरिक शिक्षण महाविद्यालय काढणाऱ्या हॅरी बक ह्यांनी जो मार्ग घालून दिला, म्हणजे खेळ शिकविणारा माणूस रीतसर शिकलेला असावा, तो चुकीचा म्हणावा काय? मुळीच नाही. तालमीच्या परंपरेत उणिवा होत्या. दुखापत झालेल्या गुडघ्यावर तेल चोळून मुलाला दुसऱ्या दिवशी पुन्हा आखाड्यात उतरविणारे वस्ताद काही थोडे नव्हते. आणि मुलींना तर त्या आखाड्याचा उंबरठाच बहुधा बंद होता. शिकलेला शिक्षक हवाच. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळेला मैदान हवे असे म्हटले, आणि सहावी ते आठवीच्या वर्गांत शंभरांहून अधिक मुले असतील तेथे शारीरिक शिक्षणासाठी अर्धवेळ शिक्षकाची तरतूद केली. पण अर्धवेळ शिक्षकाची संध्याकाळ कोणत्याही कायद्यात लिहिता येत नाही.

शासनाने मुलांना मैदानाकडे ओढण्यासाठी आणखीही उपाय योजले. दहावी-बारावीच्या परीक्षेत खेळाडूंना वाढीव गुण मिळू लागले. महाराष्ट्रात २००५ मध्ये सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के जागा राखून ठेवण्यात आल्या. हेतू उत्तमच होता, आणि ह्यामुळे सॉफ्टबॉलसारख्या फारशा न गाजलेल्या खेळांकडेही पालकांचे लक्ष गेले. पण ह्या सवलतींनी एक निराळाच खेळाडू जन्माला घातला. तो प्रमाणपत्रापुरता येतो आणि प्रमाणपत्र मिळाले की जातो. पुढे खोट्या प्रमाणपत्रांची प्रकरणेही उघडकीस आली, व नियम कडक करावे लागले. कागदावर सहभाग वाढला, मैदानावर तितका वाढला नाही. आणि प्रमाणपत्रासाठी आलेला मुलगा पुढच्या वर्षी धाकट्यांना शिकवायला थांबेल, अशी अपेक्षा तरी कोणत्या तोंडाने करावी?

मुलींच्या बाबतीत प्रश्न अधिक नाजूक आहे. सॉफ्टबॉल हा मुलींनी आपलासा केलेला खेळ. १९९६ ते २००८ पर्यंत ऑलिंपिकमध्ये तो स्त्रियांसाठीच होता, टोकियोला २०२१ मध्ये पुन्हा खेळला गेला, आणि २०२८ च्या लॉस एंजेलिसच्या कार्यक्रमातही त्याचा समावेश आहे. तरी तेरा-चौदाव्या वर्षी मुलगी मैदानावरून नाहीशी होते. सामना दुसऱ्या गावी असला तर बरोबर कोण जाणार, हा आईचा पहिला प्रश्न असतो, आणि तो रास्त आहे. २०१२ च्या बालसंरक्षण कायद्यानंतर मुलांबरोबर वावरणाऱ्या प्रत्येकाची पारख करून घेण्याची जाणीव वाढली. काही हौशी कार्यकर्ते ह्या चौकशीने दुखावतात, काही काम सोडून जातात. जाणाऱ्याला जाऊ द्यावे. परंतु तपासून घेतलेला मार्गदर्शक दर सहा महिन्यांनी बदलत असेल, तर आईचा भरवसा प्रत्येक वेळी नव्याने मिळवावा लागतो. आणि तो मिळेपर्यंत मुलीचे खेळण्याचे वय सरून जाते. गावातील एखादी माजी खेळाडू सून म्हणून आली असेल, तर तिला आठवड्यातून दोन संध्याकाळी मोकळ्या करून देणे हे दहा शिबिरांहून अधिक उपयोगी पडते. त्यासाठी घरातील कोणी तरी त्या दोन संध्याकाळी चूल सांभाळावी लागेल, हे ओघाने आलेच.

आपल्या समाजात स्वयंसेवकांचा तुटवडा आहे असे म्हणवत नाही. गणेशोत्सवाच्या दहा दिवसांत गल्लीगल्लीतून पोरे रात्ररात्र जागतात. दहा दिवसांचा स्वयंसेवक उदंड आहे. वर्षातील दोनशे संध्याकाळी निमूटपणे मैदानावर येणारा दुर्मिळ. त्याचे कौतुक होत नाही, त्याला हार पडत नाहीत. त्याच्या वाट्याला येते ती मैदानाच्या परवानगीसाठी मारलेली खेप, फुटलेल्या खिडकीबद्दल ऐकलेले बोल, आणि संघात न निवडलेल्या मुलाच्या बापाचा रोष. तो दोन-तीन वर्षांत कंटाळतो ह्यात नवल नाही. त्याच्या माथ्यावरची परवानगीची आणि पैशाची कामे दुसऱ्या कोणी उचलली आणि त्याच्याकडे फक्त मुले ठेवली, तर तो अधिक काळ टिकतो. मंडळांचे चिटणीस एवढे एक जरी करतील तरी पुष्कळ होईल.

सरकारी कचेरीत बदली झालेला अधिकारी आपला कार्यभार दुसऱ्याच्या स्वाधीन केल्यावाचून जागा सोडीत नाही. खेळशिक्षकाची बदली झाली तर शाळेच्या शिक्क्यांची व वह्यांची यादी होते. पण सॉफ्टबॉलचे हातमोजे ठेवलेल्या पेटीची किल्ली कोणाकडे, कोणती मुलगी डाव्या हाताने फेकते, कोणाच्या घरी जाऊन आजीची समजूत काढावी लागते, हे त्या यादीत नसते. ते नव्या माणसाला सांगायला एखादा आठवडा पुरतो. बदलीचा हुकूम बहुधा मे महिन्यात निघतो आणि शाळा जूनमध्ये उघडते. तो आठवडा त्या दोहोंच्या मध्येच कोठे तरी काढावा लागेल. नवा माणूस अजून आलाच नसेल, तर ती किल्ली तोवर नववीतल्या एखाद्या मुलीकडे द्यायला हरकत नाही.