लंकेहून परतलेला शिपाई



महूची छावणी आपल्या शेजारी. तेव्हा पेन्शनीत निघालेला शिपाई आपणांस नवा नाही. कारगिलचा शिपाई बोलतो. लंकेहून परतलेला बहुधा गप्प बसतो.

जुलै १९८७ मध्ये शांतिसेना तिकडे गेली ती तमिळांच्या रक्षणास. ऑक्टोबरात तिला तमिळांच्याच लिट्टे संघटनेशी लढावे लागले. सागरला केंद्र असलेल्या महार रेजिमेंटचे मेजर परमेश्वरन २५ नोव्हेंबरला पडले. त्यांना मरणोत्तर परमवीरचक्र मिळाले. अकराशेंहून अधिक जवान कामी आले. मार्च १९९० मध्ये सेना मद्रासला उतरली, तेव्हा मुख्यमंत्री करुणानिधी स्वागतास गेले नाहीत. या सेनेने तमिळांनाच मारले, असे त्यांचे म्हणणे. हुकमाच्या ताबेदाराने यावर काय बोलावे!

युद्ध संपले ते मे २००९ मध्ये, दुसऱ्यांच्या हातून. शत्रू गेला, पण ज्यांना राखावयास हा शिपाई गेला होता, त्यांतलेही हजारो गेले. त्या बातमीने त्याने हसावे की रडावे? आणि आपले सोबती कशापायी गेले, हे विचारावे तरी कोणास? दिल्लीच्या राष्ट्रीय युद्धस्मारकात त्यांची नावे लागली, पण तीही २०१९ मध्ये.

विश्वस्तांस एकच विनंती. पुढील समारंभास असा एक शिपाई बोलवा, आणि हारतुरे आवरते घेऊन त्याला पाऊण तास बोलू द्या.